पिराजीची पुडी

रविवारी ह्यांनी तांबड्या रश्श्याची वाटी बाजूला सरकवली, तेव्हा मला पहिला संशय आला. तीस वर्षांत अंगात ताप असतानाही ह्या माणसाने रस्सा सोडला नव्हता.

"पोटात जळजळतंय," म्हणाले.

पोटात जळजळत असतं तर हात पोटावर गेला असता. हे मात्र खुर्चीच्या एका कडेवर बसले होते, खाली खिळा असल्यासारखे.

मग मी लक्ष ठेवायला लागले. बातम्या संपेपर्यंत दोनदा बाथरूम. आत गेले की नळ सोडायचा, बाहेर काही ऐकू येऊ नये म्हणून. शिवाय दर गुरुवारी 'कामासाठी' गडमुडशिंगी गावाला फेरी. दूध संघातून निवृत्त झालेल्या हंबीररावांचं तिथं काय काम? बाईचा संशय घ्यावा, तर दर वीस मिनिटांनी नळ सोडणारा माणूस कुठल्या बाईला हवाय? तरी मी स्कूटरची डिकी उघडलीच.

आत वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्या. त्यांच्याखाली तीन महिन्यांपूर्वीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, प्रोस्टेटला सूज असल्याचा. सोबत डॉक्टरची औषधांची चिठ्ठी, करकरीत, घडीसुद्धा न मोडलेली. मेडिकलचं तोंड न बघितलेली.

"डिकी का उघडलीस?" हे आधी ओरडले. मग आवाज खाली आला. "झाडपाल्याचं हाय ते. पिराजीचं."

"तालमीतला पिराजी?"

"व्हय. माझा निखळलेला खांदा कुणी बसवला? त्यानंच की."

आमच्याकडे हे असंच. तालमीत ज्याने खांदा बसवला, त्याच्या हवाली माणसं खांद्याखालचं सगळंच करून टाकतात.

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"तपासाय लागंल म्हणाले."

कुठं तपासणार ते ह्यांनी सांगितलं नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, त्यावरून मी ओळखलं.

"गुण हाय की पण पुडीला! एक घेतली की तासाभरात ठणका बंद."

तो तासच माझ्या डोक्यात अडकला. माझ्या आईचा काढा कामाला लागायला आठ दिवस घ्यायचा. तासाभरात काम करणारी एकच वस्तू आमच्या घरात होती, माझ्या गुडघ्याची गोळी. आणि ती तर कारखान्यातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपल्यावर मी एक पुडी कोमट पाण्यातून घेतली. शहाणपण नव्हतंच ते, पण ह्यांच्या पोटात तीन महिने जे चाललंय ते एकदा माझ्याही पोटात जाऊ दे म्हटलं. तासाभराने मी वाळवण काढायला गच्चीवर गेले. जिना संपल्यावर लक्षात आलं, कठडा धरलाच नव्हता. गुडघ्याला प्रोस्टेट नसतं, एवढं मला शाळेत फार न जाताही कळतं.

सकाळी केएमटीच्या बसने गडमुडशिंगी गाठली. पिराजीने मला ओळखलं नाही.

"बसा ताई. काय होतंय?"

"गुडघं."

त्याने मागचा पत्र्याचा डबा उघडला, चमच्याने पुड्या बांधल्या.

"कुठली वनस्पती ओ ही?"

"राधानगरीच्या जंगलातली. नाव सांगितलं की गुण जातो."

"आमच्या दिरांना लघवीचा त्रास हाय. त्यावर काय हाय का?"

"हाय की." पुन्हा तोच डबा, तोच चमचा.

"दोन्हीला एकच?"

"शरीर एकच हाय की ताई," पिराजी हसला.

घरी येऊन दोन्ही पुड्या ह्यांच्यापुढे उघडल्या. "ही तुमची, ही माझ्या गुडघ्याची. सांगा बघू कुठली कुणाची."

ह्यांनी वास घेतला, बोटावर घेऊन चाखलं. मग म्हणाले, "म्हणजे तीन महिनं मी तुझ्या गुडघ्यावर उपचार घेतोय."

मी हसले. हे हसले नाहीत.

"संयोगिता, सकाळपास्नं नीट होत न्हाय. थेंब थेंब. आणि थंडी वाजतीय."

कपाळाला हात लावला तर चटका बसला. पुडीने ठणका झाकला होता, खाली सूज खुशाल वाढत होती. मी चिठ्ठी, रिपोर्ट आणि पुड्या पिशवीत कोंबल्या. रिक्षात हे एकदाच बोलले, "तू सांग डॉक्टरला."

"मी काय सांगू? मला कुठं हाय ते!"

दवाखान्यात मी मुद्दामच बाहेर बाकावर बसले. ह्यांना हळू बोलता येत नाही, तालमीतला आवाज. तीन महिने बायकोपासून लपवलेलं सगळं दाराबाहेर खणखणीत ऐकू आलं, नळासकट. बाकावरचे दोन पुरुष आपापल्या चपला बघत बसले. मग पडदा ओढल्याचा आवाज आला, आणि ह्यांचा आवाज बंद.

पंधरा मिनिटांनी बाहेर आले. चेहरा उतरलेला.

"काय म्हणाले?"

"जंतूंची लागण हाय. लघवी तपासायची, गोळ्या सुरू करायच्या. आज लघवी अडली तर लगेच परत या म्हणाले. पुडी ठिवून घेतली त्यांनी, त्यात वेदनेचं औषध कुटून घातल्यागत वाटतंय म्हणाले."

"आणि झाडपाला?"

"भोपळ्याच्या बिया खा म्हणाले खुशाल, कोमट पाण्यात बसा. पण गोळ्या सोडून न्हाय." दोन पावलं चालून थांबले. "एवढं काय न्हवतं गं."

"काय?"

"तपासणं."

मेडिकलवाल्याने गोळ्या काउंटरवर ठेवल्या. हे हात पुढे करणार तोवर मी पाकीट उचललं, चष्मा लावला, चिठ्ठीवरचं नाव आणि पाकिटावरचं नाव एकेक अक्षर लावून बघितलं, मग तारीख.

"आता ह्याच्यावर कसला संशय?" हे वैतागले.

"वाचू द्या की," मी म्हटलं.