पलीकडच्या खोलीतली

आमच्या मानसशास्त्र विभागात दुसऱ्या मजल्यावर एकमेकींना लागून दोन लहान खोल्या होत्या. त्यांतल्या एका खोलीत कधीच कुणी नसे, आणि सरांचं सगळं संशोधन त्या रिकाम्या खोलीवर उभं होतं.

मारधाडीचे व्हिडिओ गेम खेळून तरुण मुलं आक्रमक होतात, हे सरांना सिद्ध करायचं होतं. अठरा-वीस वर्षांची मुलंमुली येत. निम्म्यांना वीस मिनिटं बंदुकीचा गेम दिला जाई, निम्म्यांना रंग जुळवण्याचा. मग मी त्यांना सांगे, की पलीकडच्या खोलीत तुमच्याच वयाचं कुणीतरी बसलंय; पडद्यावर दिवा लागला की जो आधी बटण दाबेल तो जिंकला, आणि हरणाऱ्याच्या हेडफोनमध्ये कर्कश आवाज सोडला जाईल. तो किती मोठा असावा, हे जिंकणाऱ्यानं ठरवायचं, शून्य ते दहा. आकडा जितका मोठा, तितकी आक्रमकता जास्त, असं आमचं माप. पलीकडच्या खोलीला कुलूप असे. पलीकडचं जिंकणं, हरणं आणि आवाजाचे आकडे मी तीन वर्षांपूर्वी टाइप केलेल्या एका तक्त्यातून येत. सुरुवातीला सौम्य, शेवटाकडे नऊ, दहा. मी बाहेर काचेमागे बसे. माझ्यासमोर सगळं थांबवण्याचं एक लाल बटण होतं. शेवटी मी खरं काय ते सांगितलं, की मुलं हसत आणि निघून जात.

ठकी हसली नाही. ठकी माझ्या ताईची मुलगी. एकोणीस वर्षांची झाली तरी घरात ठकीच. एका सकाळी दोन मुलं आली नाहीत, म्हणून मीच तिला फोन करून बोलावून घेतलं. त्या आठवड्यात सरांनी दहाचा आवाज वाढवून घेतला होता, कारण मनासारखे निष्कर्ष येत नव्हते; हे मला ठाऊक होतं. ठकीनं एकदाही हेडफोन काढले नाहीत. मीही बटण दाबलं नाही, कारण सर माझ्या मागेच उभे होते. ती बाहेर आली तेव्हा तिनं डावा कान तळहातानं झाकून धरला होता.

“मावशी, मी तिचं काय वाकडं केलं होतं गं?”

“अगं, तिथे कुणीच नव्हतं. तो नुसता प्रोग्रॅम आहे.”

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “होतं. मी तिचा श्वास ऐकला.”

त्या दिवसापासून ठकीच्या डाव्या कानात एक बारीक शिट्टी वाजू लागली, ती थांबेना. रात्रंदिवस, वाचताना, जेवताना. ती गाणं शिकत होती, ते सुटलं. ताईनं तक्रार केली तेव्हा सरांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला: ‘प्रयोगापूर्वीच सदर मुलीने कानाच्या त्रासाचा उल्लेख केला होता.’ मी सही केली. ताईनं तो कागद वाचला, माझ्याकडे पाहून “तू?” एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी नोकरी सोडली नाही. लोकांना वाटलं, बाईनं गिळून टाकलं. पण मी डूख धरला होता. सर रोज दहाला येत, चष्मा पुसत, “काय, आज किती मुलं?” असं विचारत, आणि मी हसून आकडा सांगे. कुणी ठकीचा विषय काढला तर ते म्हणत, “ते होय? किरकोळ होतं हो.” तो ‘किरकोळ’ शब्द मी रोज सकाळी तोंड धुताना आठवून घ्यायचे, शिळा होऊ नये म्हणून. ठिणगी विझू नये इतकंच मला करायचं होतं. पुढे काय करायचं, हे मात्र मला सुचलं नव्हतं. किंवा सुचलं नव्हतं असं मला वाटतं.

मग एके दिवशी एक आडदांड मुलगा बंदुकीचा गेम आणि पुढची परीक्षा संपवून बाहेर आला तो हसत.

“पलीकडची फारच साधी आहे हो. मला सगळे शून्यच दिले तिनं.”

“पलीकडची? मुलगी आहे हे कुणी सांगितलं तुला?”

तो गोंधळला. “मुलगीच नाही का?”

मी नोंदी काढून पाहिल्या. पंचवीस फेऱ्या, आणि पलीकडच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. तक्ता मात्र जिथल्या तिथे, मी टाइप केला तसाच. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. तंत्रज्ञ येऊन सगळ्या तारा तपासून गेला, म्हणाला, “मॅडम, यात काही खोट नाही, तुमचाच काहीतरी घोळ असेल.” दोन आठवड्यांत तर मुलंही उलट शून्यच देऊ लागली. वीस मिनिटं पडद्यावर माणसं लोळवून आलेली मुलं त्या खुर्चीत बसली की शांत होत, आणि भिंतीकडे पाहून, कुणाला झोपेतून उठवायचं नसावं तशी हलक्या हातानं बटण दाबत. रंग जुळवणाऱ्यांत आणि गोळ्या झाडणाऱ्यांत तिळाएवढा फरक उरला नाही.

सरांचा चेहरा उतरला. पाच वर्षांचं काम होतं ते.

“तू काहीतरी केलंयस,” ते म्हणाले.

“मी हात लावलेला नाही, सर.”

“उद्या मी स्वतः बसतो. तू काचेमागे बस. आणि मी सांगितल्याशिवाय काहीही बंद करायचं नाही. कळलं?”

“हो सर.”

मंगळवारी सकाळी मी आवाजाचं बटण पाहिलं. ठकीच्या प्रकारानंतर ते खाली आणून चिकटपट्टी लावली होती, ती तशीच होती. अकरा वाजता सर खुर्चीत बसले, हेडफोन चढवले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. पहिली फेरी ते हरले. माझ्या पडद्यावर आकडा आला, दहा. सर दचकले, मग हसले. दुसरी फेरी, दहा. तिसरी ते जिंकले, आणि पलीकडे कुणी नाही हे जगात सगळ्यांत चांगलं ठाऊक असलेल्या त्या माणसानं दात आवळून दहाचं बटण दाबलं.

त्यानंतर ते एकदाही जिंकले नाहीत. दिवा लागण्याआधीच त्यांचा अंगठा बटणावर असे, तरी हरत. दहा, दहा, दहा. हेडफोन काढणं त्यांच्या हातात होतं. का काढले नाहीत, ते मला आजही सांगता येणार नाही. ते भिंतीकडे वळून काहीतरी बोलत होते, ओठ हलताना दिसत होते. बाराव्या फेरीला त्यांनी माझ्या दिशेनं पंजा उचलला. तो ‘बंद कर’ म्हणून होता की ‘थांब’ म्हणून, हे ठरवायला मी थोडा वेळ घेतला. सांगितल्याशिवाय बंद करायचं नव्हतं, आणि तोंडानं त्यांनी सांगितलं नव्हतं. माझं बोट लाल बटणावर अलगद टेकलेलं होतं. बटण गुळगुळीत आणि थंड होतं. मी पंचवीसच्या पंचवीस फेऱ्या मोजल्या. इतकी शांत मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

सर भिंत धरत बाहेर आले, डाव्या कानावर तळहात.

“किल्ली,” ते ओरडले. स्वतःचा आवाज त्यांना नीट ऐकू येत नसावा.

मी पलीकडची खोली उघडली. एकावर एक रचलेल्या खुर्च्या, फरशीवर धूळ, धुळीत एकही पाऊल नाही. सर उंबऱ्यावरच थांबले. बराच वेळ त्या रिकाम्या खोलीकडे पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, “तिला सांग, पुरे.”

ते रजेवर गेले. शिट्टी थांबत नाही, असं त्यांच्या घरून कळलं. आठवड्यानं वरच्या ऑफिसातून मला पत्र आलं, की घडलं ते लेखी कळवावं. मी एकच वाक्य लिहिलं: ‘प्रयोगापूर्वीच सरांनी कानाच्या त्रासाचा उल्लेख केला होता.’ खाली सही केली.

त्याच संध्याकाळी मी ताईकडे गेले. दार ठकीनं उघडलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. केस विंचरलेले होते.

“थांबली, मावशी,” ती म्हणाली. “शिट्टी. मागच्या मंगळवारी. अकरा-साडेअकरा झाले असतील. एकदम थांबली.”

मी तिला जवळ घ्यायला पुढे झाले. ती हळूच बाजूला सरकली, टेबलाजवळची खुर्ची ओढली, बसायची जागा हातानं पुसली.

“ये, बस ना,” ती म्हणाली. “सर त्या खोलीत येऊन बसले तेव्हा वाटलंच होतं मला, की आता तूही येशील.”

तिचा आवाज अगदी मऊ होता. तरी माझे दोन्ही हात कधी कानांवर गेले, ते माझं मलाच कळलं नाही.