सहा हजारांचा गिझर

मी बोलतोय, जिन्यात भिंतीला टेकवून ठेवलेला गिझर. उद्या मला भंगारात नेणार. तेरा वर्षं राबलोय हो, आता बोलायचाही कंटाळा येतो. पण एक गोष्ट मनात सलते, ती सांगूनच जातो.

बितोला शहरातल्या दुकानात माझ्या शेजारी एक जाड अंगाचा गिझर होता, पंधरा हजार देनारांचा. मी सहा हजारांचा. रेल्वेतून नुकताच निवृत्त झालेला नाउम आणि त्याची बायको फिदांका आम्हाला बघायला आली. "वीज किती खातो? टिकेल किती वर्षं?" फिदांकानं विचारलं. नाउम खो खो हसला. "अगं, गिझर घ्यायचाय, जावई नाही!" झालं, मला उचललं. वाचलेल्या पैशांत त्यानं मित्रांना रकिया, आमच्याकडची फळांची दारू, पाजली.

माझं अंग पातळ. तापवलेलं पाणी बघता बघता निवायचं. वीजबिल आलं की नाउमचा पारा चढायचा. मग दिवसभर एकच धोशा, "गिझर बंद केलास का?" एकदा दोघं ओह्रिदला निघाली, तर हा पठ्ठ्या अर्ध्या वाटेवर, रेसेनला बसमधून उतरून परत आला. बटण बंदच होतं!

आंघोळीचा क्रम ठरलेला. आधी नाउम, मग मुलगा गोत्से, आणि भांडी आवरून सगळ्यात शेवटी फिदांका. तोवर माझ्यात धड कोमट पाणीही उरलेलं नसायचं. ती बटणाकडे बघायची, पण पुन्हा लावायची नाही. "चालतं मला," म्हणायची. ऐन जानेवारीतसुद्धा. पुढे तिचे गुडघे धरले. मला फार वाईट वाटायचं, पण माझ्या हातात काय होतं?

गेल्या आठवड्यात माझा तळ गंजून गळायला लागला. नाउम कोट चढवत म्हणाला, "असाच दुसरा आणतो. स्वस्त पडला आपल्याला."

फिदांका बाथरूमच्या दारात उभी होती. "स्वस्त? तीनदा कॉइल बदलली, दर महिन्याला बिलावरून भांडलो, आणि तेरा हिवाळे मी गार पाण्यानं अंग धुतलं. ह्याला स्वस्त म्हणतोस?"

"मग आधी बोलली का नाहीस?"

"बोलले होते. दुकानात. तू हसलास."

नाउम खाली मान घालून गेला आणि जाडा गिझर घेऊन आला. मला उतरवून इथे ठेवलं.

नव्या गिझरची पहिली आंघोळ फिदांकाची. घराचं दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. अर्धा तास झाला तरी पाणी वाहतंय! नाउम घाबरून बाथरूमचं दार वाजवायला लागला. "फिदांका, बरी आहेस ना गं?"

"जा रे! तेरा वर्षांचं राहिलंय, एवढ्यात कसं संपेल?"

तो बाहेर येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसला. मग स्वतःशीच पुटपुटला, "मला वाटायचं, तिला कोमटच आवडतं."

बाबांनो, दुकानात किंमत जरूर विचारा. पण घरात सगळ्यात शेवटी आंघोळ करणारी काही विचारत असेल, तर तेवढं हसू नका. थकलो मी. येतो.