अक्कांचा पाचोळा

शिशिराच्या अखेरीला उन्हाला कोवळा पिवळा रंग चढतो, करंजाची पानं एकेक करून सुटू लागतात आणि त्यांच्यावरून कुणी अनवाणी चालत गेल्यासारखी सरसर कानी येते, तेव्हा मला अक्का आठवतात. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. पुण्याहून लग्न होऊन मी बंगळूरच्या या जुन्या मराठी घरात आले, तेव्हा त्यांची कानडी मिसळलेली बोली मला गमतीची वाटे आणि त्यांचं रान म्हणजे निव्वळ वेडेपणा.

जे. पी. नगरच्या पलीकडे, सासऱ्यांनी दिलेल्या खडकाळ माळावर त्यांनी करंज, जांभूळ, फणस लावले, घागरी वाहून जगवले. त्यांच्या चालण्यात एक संथ ठामपणा होता. वाटेत फांदी आडवी आली तर ती मोडण्याऐवजी त्या स्वतः वाकत. माणसांच्या बाबतीत मात्र त्या अशा वाकणाऱ्या नव्हत्या. परका माणूस कुंपणाच्या आत त्यांना खपत नसे. पाहुण्याला ओसरीवरच कॉफी पाजून त्या वाटेला लावत.

नव्वदचं दशक निम्मं सरलं आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या नोकऱ्यांमागून शहर आमच्या कुंपणाला येऊन भिडलं. शेजारचे माळ प्लॉट पाडून विकले गेले. रानालाही गिऱ्हाइकं येऊ लागली आणि घरातल्या पुरुषांचं मन डळमळू लागलं. तेव्हा एका रात्री जेवताना अक्कांनी शांतपणे सांगितलं, की आता दर रविवारी रान सर्वांसाठी उघडं राहील.

"लोकांचा जीव जडला, तर तोडायला कुणी धजणार नाही. आपल्या चौघांची माया त्याला पुरायची नाही."

जिथे आम्हीही त्यांना विचारून जात असू, ते रान वाचावं म्हणून त्यांनी ते सगळ्यांच्या हवाली केलं. मला त्यांचा विलक्षण अभिमान वाटला, आणि तो मी आजही लपवत नाही.

मग तयारी सुरू झाली. काटेरी फांद्या दोरीने मागे बांधल्या, उतारावर दगडी पायऱ्या बसवल्या, घरट्यांजवळून जाणारी वाट दूर वळवली. आदल्या दिवशी अक्का पाण्याचे माठ आणायला बाजारात गेल्या, आणि आमच्या चुलत सासूबाई, म्हणजे काकू, घरातल्या बायकांसह खराटे घेऊन आल्या. पाहुणे येणार म्हणजे अंगण लख्ख हवं, हा त्यांचा साधा हिशेब. संध्याकाळपर्यंत त्यांनी साऱ्या वनाचा पाचोळा लोटून ढीग केला, उघड्या तांबड्या मातीवर सडा घातला, आणि ढीग पेटवायला काकूंनी काडेपेटी हाती घेतली, तेवढ्यात अक्का परतल्या.

त्यांनी माठ खाली ठेवला. काकू शाबासकीची वाट पाहत होत्या.

"काकू, फार राबलात. आता स्वल्प आणखी राबू या. सगळं परत पसरू, सरी? ठीक ना?"

"कचरा परत घालायचा, अक्का?"

"तो कचरा नव्हे, काकू. मुळांचं पांघरूण आहे ते. उघडी पडली तर झाडं उन्हाळा काढायची नाहीत."

काकूंनी काडेपेटी कमरेला खोचली आणि सर्वांआधी पदर पसरला. दिवेलागणीपर्यंत आम्ही पदरापदरांनी पाचोळा वाहत राहिलो, आणि अक्का निजलेल्या लेकराला पांघरूण घालावं तसा तो दोन्ही हातांनी बुंध्याबुंध्याशी सारत राहिल्या.

रविवारी माणसं आली. फाटकात एक वृद्ध गृहस्थ क्षणभर थबकले, त्यांनी चपला काढल्या, आणि मागच्यांनीही काढल्या. अनवाणी पावलांखाली पाचोळा वाजू लागला. अक्का ताठ मानेने ऐकत उभ्या होत्या; त्या चेहऱ्यावर उजळलेला गर्व मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. पुढे गिऱ्हाइकं आली, तेव्हा रविवारची माणसंच त्यांना फाटकाशी आडवी गेली. घरात विक्रीचा विषय नंतर निघाला नाही.

अक्का गेल्या त्याही शिशिरातच. रीतीप्रमाणे आम्ही सारं घर झाडलं, धुतलं. थकलेल्या काकू खराटा घेऊन रानाच्या तोंडापर्यंत आल्या, तो त्यांनी भिंतीला टेकवला आणि चपला काढल्या. काळ माणसाला घरातून झाडून नेतो. पण माणसाने अंथरलेलं पायांखाली राहतं, आणि चालणाऱ्याला ते ऐकू येत राहतं.