शेवटच्या अंकाचा चेहरा

मनिलातल्या त्या फॅशन मासिकाचा आता शेवटचाच छापील अंक निघणार होता, आणि त्याच्या मुखपृष्ठावर सिनेनटी लिरिओ आल्तामीराच असणार हे म्हातारा मेकअपवाला दादिंग धरूनच चालला होता. उगीच नाही. एके काळी लिरिओचा अंक दुपारच्या आत संपायचा. मठातल्या ननसुद्धा तो प्रार्थनेच्या पुस्तकाखाली दडवून न्यायच्या.

पण संपादक चोनाच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं.

"लिरिओला विमानतळापलीकडे कोण ओळखतं? आमिहान तिथल्या रॅम्पवर चालते, तिला पॅरिस ओळखतं."

"आणि त्या पोरीला आपल्याकडे कोण ओळखतं?" दादिंग फणकारला.

"दोघींचे फोटो काढू, मग बघू."

लिरिओ आली ती परातभर पान्सित घेऊन. जुन्या नट्या चित्रीकरणाला रिकाम्या हाताने येत नसत. "खा रे मेल्यांनो, उपाशी पोटी फोटो काढाल तर माझं नाक वाकडं येईल!" असं म्हणत तिने सगळ्यांना शेवया वाढल्या, दादिंगकडून तोंड रंगवून घेतलं आणि मग हळूच म्हणाली, "हे एकच मुखपृष्ठ मिळू दे रे. मग लोक विसरले तरी चालेल."

दादिंगला भरून आलं. अशा मनःस्थितीत त्याने आमिहानला खुर्चीत बसवलं. नेग्रोस बेटावरच्या उसाच्या रानातली पोर, उंच, सावळी, अबोल. दादिंगची जीभ जुन्या शूटिंगच्या गोष्टी सांगत सुटली आणि हात सवयीने चालत राहिला. मनिलात कुठलाही चेहरा समोर आला की आधी दोन छटा उजळायचा, हे त्या हातात इतकं मुरलेलं की पोरीचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा झाला तरी त्याला कळलं नाही.

"पॅरिसमध्ये मला कुणी पांढरं केलं नाही," आरशात बघत आमिहान म्हणाली. "आई करायची. आमच्या भिंतीवर तुमचा फोटो होता, लिरिओ मावशी. पपईच्या साबणाने मला घासायची आणि म्हणायची, अशी गोरी हो. खरं सांगू? मला तुमचा फार राग यायचा."

दादिंग ओशाळला. चोनाने मान खाली घातली.

"आता काय म्हणते आई?" लिरिओने विचारलं.

"तिला पॅरिस कुठे दिसतं? नोकरी कधी लागणार, म्हणून विचारते."

लिरिओ खळखळून हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. ओला टॉवेल घेऊन तिने स्वतःच्या हाताने पोरीचं तोंड पुसलं. "वेडे, माझा तरी हा रंग कुठला? ह्या दादिंगच्या डबीतला! ए, मलाही पूस रे."

"अहो, पण तुमचा फोटो..." दादिंग चाचरला.

"चोना, हिलाच घे. मी घरोघरी लागून झाले. हिच्या आईच्या भिंतीवर हिला लागू दे, आहे त्या रंगाची."

चोनाने आढेवेढे घेतले नाहीत. तिला हेच हवं होतं. त्याचा दादिंगला जास्तच राग आला.

तिच्याही तोंडावरचा सगळा रंग पुसून तो लिरिओला फाटकापर्यंत सोडायला गेला. तिथल्या पहारेकऱ्याने, कुणाच्याही म्हाताऱ्या आईला अडवावं तसा, हात आडवा केला. "नानाय, थांबा. नाव सांगा, मग जा."

"लिरिओ."

"वा! त्या नटीचंच नाव! आमची आई तिच्यापायी खुळी होती. सकाळीच आत गेल्यात त्या. अजून काय दिसतात म्हणून सांगू!"

दादिंगने तोंड उघडलं, तोच लिरिओने त्याच्या कोपराला सणसणीत चिमटा काढला.

"हो का?" ती पहारेकऱ्याला म्हणाली. "कुठला रे सिनेमा आवडायचा तुझ्या आईला?"

तो रंगात येऊन सांगू लागला, आणि लिरिओ भर उन्हात उभी राहून ऐकत राहिली.