नावेतली पाच माणसं

“थांबा मास्तर, आधी माणसं मोजू द्या की,” राहीबाई बोटं पुढे करून म्हणाल्या. “बा, आय, थोरला, मधली, धाकटा. पाच. हं, वाचा आता.”

रोज हाच तमाशा. विट्याच्या वाचनालयात मी बावीस वर्षं ग्रंथपाल. दुपारी तिथे पालींशिवाय कुणी फिरकत नाही. बहात्तरच्या दुष्काळात राहीबाईंचा एकुलता मुलगा कृष्णात सोनं गाळायच्या दुकानात मदुरेला गेला. त्याची पत्रं वाचून घ्यायला त्या माझ्याकडे यायच्या. पत्रं थांबली, तरी बाई येतच राहिल्या आणि नुसत्या बसून राहू लागल्या. शेवटी मीच वैतागून हाताला लागलेली एक जुनी कादंबरी उघडली. एक कुटुंब घरदार सोडून नावेतून, मोठ्या नदीने, समुद्राकडे निघतं. वाटेत धबधबे, लुटारू, मगरी. मगर आली की बाई पदर तोंडात धरायच्या.

खरं सांगतो, मी मुद्दाम हळू वाचायचो. घरी मला तरी कोण होतं? बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती.

पण शेवटून दुसरं प्रकरण आलंच. त्यात थोरला एका बंदरावर उतरतो आणि तिथलाच होऊन जातो. नजर पुस्तकातच ठेवून मी दिलं ठोकून, “थोरला म्हणाला, आई, मी तुझ्याबरोबरच येणार. नाव पुढे निघाली. समुद्र आला. पाचही जण सुखरूप पोचले. संपलं!”

राहीबाईंनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बोट केलं.

“मास्तर, एवढं समदं झालं, आन् पान न्हाई उलटलंसा?”

“एकाच पानावर होतं, मावशी.”

“आवं, ही केसं उनानं पांढरी झाल्यात व्हय? उतरला न्हवं थोरला?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मान हलवली.

“परत येतोय का?”

“नाही.”

त्यांनी चार बोटं मोजली, पाचवं मुठीत मिटून घेतलं आणि चपला घालून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तीन वाजले, चार वाजले. बाई येईनात. लिहिणाऱ्याला मी मनसोक्त शिव्या घातल्या. थोरल्याला नावेत बसवून ठेवायला त्याच्या बापाचं काय जात होतं?

साडेचारला राहीबाई आल्या आणि नेहमीच्या बाकावर टेकल्या.

“पहिल्यापासनं वाचा, मास्तर,” त्या म्हणाल्या. “तवा समदी नावंतच हायत.”

मी खुणेचा कागद काढला आणि पहिलं पान उघडलं. बाईंनी बोटं मोजली. पाच भरली.