फरशीच्या बाटलीवरचं संत्रं

फरशी पुसायच्या औषधाला घाम कशाला फुटायला हवा, हे मला कोणीतरी समजावून सांगा. मी दादाला हेच विचारलं होतं. लेबलवर संत्र्याची फोड, फोडीवर थेंब, जाहिरातीच्या फोटोत बाटलीवरही गार थेंब, आणि बाटलीच्या आत काय, तर बाथरूमचे डाग खाऊन टाकणारं आम्ल. दादा म्हणाला, "फ्रेश वाटतं." मी म्हटलं, "बाथरूम फ्रेश वाटायला हवं की तोंडाला पाणी सुटायला हवं?" तो म्हणाला, "झाला तोफखाना सुरू." ऑफिसात मला सगळे तोफ म्हणतात. नाव सख्ख्या भावानेच ठेवलंय.

ऑफिस आमचं घरचंच. दादा कामं आणतो, मी डिझाइन करते आणि दुपारी बाबा येतात. त्यांनी जन्मभर बस चालवली. निवृत्तीनंतर घरी करमेना, म्हणून डबा घेऊन माझ्या मागच्या खुर्चीत येऊन बसतात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, त्यामुळे बारीक अक्षरं दिसत नाहीत, पण रंग आणि चित्रं दिसतात. मी संत्रं रंगवत होते तेव्हा ते मागून म्हणाले, "वा गं पोरी, सोलून खावंसं वाटतंय." मी चिडलेली असूनही खूश झाले. मलाही ते संत्रं आवडलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू? रागात माझा हात जास्तच चांगला चालतो.

मी भांडले ते धोक्याच्या सूचनेवरून. ती मला समोर, ठळक, लाल रंगात हवी होती. औषध बनवणाऱ्या कंपनीचे मालक मिटिंगला आले आणि माझं लेबल त्यांनी बोटाच्या टोकाने असं बाजूला सारलं, जसं काही ताटात केस निघाला होता. "बाई, तुम्ही गिऱ्हाइकाला घाबरवताय. मागे टाका. कायद्यापुरतं असलं की पुरे." दादाने लगेच मान डोलावली. मालकांसमोर त्याची मान स्प्रिंग बसवल्यासारखी डोलते. मग सगळा मजकूर मागे गेला. मागे बारकोड, पत्ता, सुगंधाचं कौतुक असं सगळं आधीच कोंबलेलं होतं, त्यामुळे सूचनेच्या वाट्याला उरलेली पट्टी आली. पिवळ्यावर पांढरी, मुंगीच्या पायांएवढी अक्षरं. ती बसवली मीच. कंपनीकडून आलेला मजकूर उचलला आणि चिकटवला. स्क्रीनवर काम करताना आम्ही सगळं इतकं मोठं करून बघतो की एकेक अक्षर अंगठ्याएवढं दिसतं. आमच्या धंद्यातली ही खोड आहे. छापल्यावर ते डोळ्यांना कसं दिसेल, हे बघायचं राहूनच जातं.

फोटोच्या दिवशी फोटोग्राफर म्हणाला, फवाऱ्याने मारलेले थेंब खोटे दिसतात, बाटली गार करा, खरा घाम फुटू द्या. रंगीत पाणी भरलं तर ते फिकं दिसत होतं, म्हणून नमुन्याचं लेबल लावलेल्या बाटलीत खरं औषध भरलेलं. दादाने ती बाटली उचलली आणि ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवली. प्यायच्या पाण्याच्या बाटल्यांशेजारी.

"तिथे कुठे ठेवतोस?" मी ओरडले.

"मग काय डोक्यावर ठेवू? जरा वेळ तर आहे," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं पुढच्या खोलीत फोटोसाठीचे दिवे लावायला गेलो. मी ओरडले, पण ती बाटली बाहेर काढली नाही. माझी तोफ फक्त आवाज करते, हे मला त्या दिवशी कळलं.

ग्लास फुटल्याचा आवाज आला. बाबा फ्रिजला टेकून उभे होते, एक हात गळ्यावर, शर्ट पुढून ओला. वासही संत्र्याचाच, त्यामुळे मोठा घोट आत गेला होता. दादा पांढराफटक पडला. त्याने धावत जाऊन पाण्यात मीठ कालवलं, बाबांचं डोकं धरलं, "ओका बाबा, ओका, सगळं बाहेर काढा" म्हणत त्यांच्या घशात बोटं घातली. बाबा ओकले. आधीपेक्षा जास्त विव्हळले. मी त्यांची पाठ चोळत होते आणि दादाला म्हणत होते, अजून एकदा, अजून एकदा.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय प्यायलेत? बाटली आणलीत?" दादाने बाटली पुढे केली. त्यांनी मागची बाजू डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग दिव्याखाली धरली. "हे कोणी लिहिलंय?" त्या वैतागून म्हणाल्या. "वाचा कोणीतरी."

मी घेतली. मला वाचता येईना. मी बसवलेली अक्षरं, माझ्या धडधाकट डोळ्यांना, भर उजेडात वाचता येईनात. शेवटी दादाने मोबाइलवर फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा करत करत वाचायला लागला. आम्लाचं नाव आलं. मग तो थांबला.

"पुढे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पोटात गेल्यास उलटी करवू नये," दादाने वाचलं.

त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "केलीत?" दादाने मोबाइल खाली केला. "जाताना एकदा जाळलं, येताना पुन्हा जाळलं," एवढं म्हणून त्या आत गेल्या.

बाबा वाचले. घसा मात्र आतून सोलून निघाला होता, बोलायला सक्त मनाई. त्यांच्या नाकात नळी असताना मालक ऑफिसात लेबलचं छपाईआधीचं प्रूफ मंजूर करायला आले. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, माणूस आहे, चरकेल. ते खुर्चीत मागे रेलून हसले. "म्हणजे बघा, घरच्या माणसालासुद्धा ज्यूस वाटला! डिझाइन जमलंय की मग!"

आणि दादा हसला.

ते हसू अर्धंच होतं, सवयीचं होतं, मालक विनोद करतात म्हणून आपोआप आलेलं. पण हसला. माझ्या कपाळाची शीर तडतड उडायला लागली. मी म्हटलं, "बाप इस्पितळात पडलाय तुझा. लाज आहे का?" मालक म्हणाले, "तुम्ही बाटली फ्रिजमध्ये ठेवलीत, त्यात लेबलचा काय दोष?" मी म्हटलं, "पाण्याशेजारी ती खपून गेली, हाच दोष. कोणाच्या घरात सगळं कपाटात नीट लावून ठेवलेलं असतं? ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मरायचं का?" प्रूफवर सही करायची वेळ आली तेव्हा मी पेन टेबलावर आपटलं. दादाने ते उचललं आणि माझ्या नावापुढे स्वतःची सही केली. मी पर्स उचलली आणि निघाले.

बाबांना बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी आम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना बसलो होतो, एकमेकांकडे न बघता. बाबांचा आवाज ऐकून अंगावर काटा आला. पत्र्यावर खडा घासावा तसा आवाज. पूर्वी बसमधल्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज होता तो.

"तुझं संत्रं ओळखलं मी," ते मला म्हणाले. "म्हटलं, पोरीनं केलंय, चाखून बघावं."

मला रडू फुटलं.

"आता काढलं असेल ना ते चित्र?" बाबांनी दादाला विचारलं.

दादाने बाबांचा हात हातात घेतला. मग मीच सांगितलं, "नाही बाबा. यानं सही करून दिली."

बाबांनी दादाच्या हातातला आपला हात काढून घेतला आणि चादरीखाली ठेवला. दादा उठून जिन्यात गेला. दार अर्धवट उघडं होतं. तो मालकांशी फोनवर आधी हळू बोलला, मग मोठ्याने, मग मी त्याला कधी ऐकलं नव्हतं इतक्या मोठ्याने. "छापायचं नाही म्हटलं ना! सूचना समोर आणि फळ बाद, नाहीतर द्या काम दुसऱ्या कोणाला!" परत आला तेव्हा कान लाल झाले होते. "दुसऱ्याला देतो म्हणाला," तो म्हणाला.

म्हणजे काय झालं? आम्ही हात झटकले, बाटली बाजारात येणारच. फक्त संत्रं दुसऱ्याच्या हातचं असेल. हे डोक्यात आलं तसा माझा राग पुन्हा उसळला. बाबांना घरी आणल्यावर मी फोन घेऊन बसले आणि हे काम घेऊ नका म्हणून सांगायला धंद्यातल्या ओळखीच्या एकेकाला गाठायला लागले. कोणी म्हणालं, आपल्याला काय करायचंय. कोणी म्हणालं, पोट सगळ्यांनाच आहे. मग एक कॉलेजातला जुना मित्र लागला.

"अगं, आलंय ना ते काम माझ्याकडे," तो खुशीत म्हणाला. "सूचनेचं मालक बघतील. मी आपलं ठरवतोय, संत्रंच ठेवू की लिंबू करू? तुला काय वाटतं?"

माझ्या जिभेवर शिव्यांची रांग लागली होती. मी ती गिळली आणि म्हटलं, "थांब. ज्यांनी पिऊन बघितलंय त्यांना विचार."

आणि फोन बाबांच्या हातात दिला.