दमयंतीचा गुण

शनिवारचा दवाखाना लवकर बंद करून दमयंती सेलूकर सरावाला आली. गुलमंडीजवळ तिचा दातांचा दवाखाना होता. तिथून हर्सूलच्या पलीकडचं गोल्फचं मैदान गाठायचं आणि अंधार पडेपर्यंत फटके मारायचे, हा तिचा जुना शिरस्ता. श्रावणात तिचा नवरा मुकुंद हृदयविकारानं गेला आणि हा शिरस्ता मोडला. दिवाळीनंतर तिनं पुन्हा येणं सुरू केलं. मैदानावर वाळलेलं गवतच जास्त होतं, पण निदान तिथं कुणी तिच्याकडे बघून आवाज खाली आणत नसे.

दुसऱ्या दिवशी नाशिकच्या महिला संघाशी सामना होता. दोन्हीकडून सहा-सहा जणी. सकाळी जोड्यांच्या तीन लढती. त्यात दोघींनी मिळून एकच चेंडू खेळायचा, एक फटका हिचा, पुढचा तिचा. दुपारी सहा जणींच्या एकेरी लढती. ज्या होलमध्ये जी कमी फटक्यांत चेंडू घालेल, ते होल तिचं. अठरा होलमध्ये जिची होल जास्त, तिच्या संघाला एक गुण. दमयंती आणि सावनी ही जोडी तीन वर्षं एकदाही हरली नव्हती.

सावनी नुकतीच कप्तानांची सून झाली होती. कप्तान इंदुमतीबाई पाथ्रीकर या निवृत्त प्राध्यापिका. त्या दमयंतीजवळ आल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "उद्या तू सकाळी नको येऊ. दुपारची एकेरी खेळ."

"का? सावनीबरोबर कोण खेळणार मग?"

"सई खेळेल, तिच्या जागी राखीव खेळाडू येईल. अगं, सकाळी व्हरांड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलंय. नाशिकच्या बायकांची ओटी भरायची, फोटो काढायचे. तुलाच अवघडल्यासारखं होईल."

"मी हळदीकुंकवाला थांबत नाही. सरळ पहिल्या होलवर येते."

इंदुमतीबाई घुटमळल्या. "सावनीची पहिली संक्रांत आहे. एकाच चेंडूला तुम्हा दोघींचा हात... घरी माझ्या सासूबाई अजून आहेत. त्यांना कळलं तर वर्षभर ऐकावं लागेल. माझा काही विश्वास नाही गं असल्या गोष्टींवर."

दमयंतीनं पलीकडे पाहिलं. सावनी खाली मान घालून हातमोजा काढत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"बरं," दमयंती म्हणाली.

तिला वाटलं होतं, घरी गेल्यावर रडू येईल. आलं नाही. तिनं भाकरी केली, खाल्ली, भांडी घासली. बाराव्याच्या दिवशी नणंदेनं तिच्या कपाळाकडे बघून तोंड फिरवलं होतं. त्याचं तिला फार लागलं नव्हतं, ती माणसं तशीच होती. ह्या बायका मात्र तिच्याबरोबर उन्हात चालल्या होत्या, एकाच बाटलीतलं पाणी प्यायल्या होत्या.

रविवारी दुपारी ती क्लबवर पोचली तेव्हा जेवणं चालली होती. सकाळच्या तीन लढतींपैकी दोन नाशिकनं जिंकल्या होत्या. सावनी आणि सईची जोडी हरली होती. सावनीच्या अंगावर अजून हलव्याचा हार होता. दमयंती दिसताच ती ताट घेऊन उठली आणि आत गेली.

दमयंती ताट वाढून बसली, तेव्हा संघातली अजरा मात्र सरळ तिच्या टेबलाशी आली. शहागंजात तिच्या घरचं कापडाचं दुकान होतं. तिच्या केसांत गजरा होता, हातात वाणाचा स्टीलचा डबा.

"तुम्ही सकाळी का नव्हत्या? इंदुमतीभाभी बोलल्या, तब्येत खराब आहे."

"तब्येत चांगली आहे."

अजरानं डब्याकडे पाहिलं, मग दमयंतीच्या मोकळ्या कपाळाकडे. तिच्या ध्यानात आलं. "मी कुंकू लावत नाही, तरी मला बसवलं, फूल दिलं, वाण दिलं. मी बाहेरची, तरी चालते. आणि तुम्ही घरच्या, तर..."  तिनं डबा टेबलावर उलटा ठेवला आणि दमयंतीच्या ताटातली चटणी घेऊन जेवायला बसली.

दुपारी अजरानं तिची लढत जिंकली. सईनं जिंकली. सावनी पुन्हा हरली. पाच एकेरी संपल्या तेव्हा दोन्ही संघांचे चार-चार गुण झाले होते आणि मैदानावर एकच लढत उरली होती, दमयंतीची. समोर नाशिकची शुभदा नावाची शांत, चांगली खेळाडू होती. सतरा होल झाली, दोघी बरोबरीत. सगळ्या बायका शेवटच्या होलभोवती गोळा झाल्या.

शुभदाचा चेंडू पाचव्या फटक्यात आत गेला. दमयंतीचे तीन फटके झाले होते आणि तिचा चेंडू होलपासून दोन फुटांवर होता. हा गेला की होल तिचं, लढत तिची, चषक क्लबचा. बॅग उचलणारा सांडू हळूच म्हणाला, "बाई, ह्यो तर तुमी डोळे मिटून बी घालता."

तेवढ्यात इंदुमतीबाई दोन पावलं पुढं आल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "दमयंती, आता सगळं तुझ्या हातात आहे बघ."

दमयंतीनं वर पाहिलं. ती खेळायलाच आली होती. सतरा होल ती मन लावून, जिंकण्यासाठी खेळली होती. ह्या वाक्यानं मात्र तिचे हात थांबले.

"सकाळी ह्याच हाताचं वावडं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तुमच्या सुनेच्या चेंडूला माझा हात चालत नव्हता. दुपारी गुण कमी पडला तर चालतो का?"

 दमयंतीनं वाकून चेंडू उचलला, शुभदासमोर गेली आणि हात पुढं केला. "मी लढत सोडते."

"अहो, नाही. असं मला नको," शुभदा गडबडून म्हणाली. "तुम्ही जिंकल्यातच जमा आहात."

"सोडलेली लढत नाकारता येत नाही. नियम आहे तसा."

चषक नाशिकला गेला. गाड्यांकडे जाताना अजरानं तिला गाठलं. तिचे डोळे लाल होते. "मीसुद्धा घाम गाळला होता, दमयंतीबाई. माझा गुण पण तुम्ही देऊन टाकला."

"हो," दमयंती म्हणाली. "तुझी माफी मागते. बाकी कुणाची मागणार नाही."

अजरानं गाडीचं दार उघडलं. मग म्हणाली, "मला राग आहे. पण तुम्ही गलत नाही केलं." आणि निघून गेली.

रात्रीच्या जेवणापर्यंत क्लबनं गोष्टीचा निकाल लावून टाकला होता. नवरा गेल्यापासून बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही, असं ठरलं. हे सगळ्यांनाच सोयीचं होतं, कारण त्यात कुणाचाच दोष नव्हता. पाथ्रीकरांच्या घरीही इंदुमतीबाई तेच सांगत होत्या.

"त्यांचं डोकं ठिकाणावर होतं," सावनी म्हणाली. "शनिवारी मी तिथंच उभी होते. मी बोलायला हवं होतं."

 इंदुमतीबाई म्हणाल्या, "तुझ्यासाठीच केलं ना मी ते?"

"माझ्यासाठी होतं, म्हणून तर मी नको म्हणायचं होतं."

सकाळी ती दमयंतीच्या दवाखान्यात गेली. बाहेर तीन पेशंट बसले होते. दमयंती दारात आली.

"ताई, पुढच्या वर्षी मी खेळले तर तुमच्याच जोडीनं खेळेन. आईंना तसं सांगितलंय. नाहीतर संघात नाही."

दमयंतीनं तिच्याकडे नीट पाहिलं. ही पोर तिला आवडत असे. अजूनही आवडत होती, हेच अवघड होतं.

"चांगलं केलंस," ती म्हणाली. "पण ते तू चार भिंतींत सांगितलंस. मला वगळलं ते मैदानावर, आणि चारचौघींना माझ्या तब्येतीचं खोटं कारण सांगितलं."

"मग मी काय करू?"

"ते मी कशाला सांगू, सावनी?" असं म्हणून दमयंतीनं पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

सावनी पायऱ्यांवर थांबली. समोर दुकानं उघडत होती, बायका वाणाचं सामान निवडत होत्या. तिच्या स्वतःच्या हळदीकुंकवाला अजून काही दिवस होते, आमंत्रणं द्यायची राहिली होती. ती वळली, पुन्हा दवाखान्यात शिरली, आणि उरलेल्या दोन अनोळखी पेशंटांच्या देखत मोठ्यानं म्हणाली, "ताई, गुरुवारी माझ्या घरी हळदीकुंकू आहे. पहिलं कुंकू तुम्हाला. तुम्ही आला नाहीत, तर मी ते करणार नाही."

आतून यंत्राचा आवाज येत होता. तो थांबला. हातमोजे काढत दमयंती दारात आली.